तांडेलाचा दुसरा आकडा

परवा राखेचा बुधवार झाला आणि आमच्या भागातले बँड बंद झाले. उपवासकाळ लागला हे मला कॅलेंडरवरून कधी कळत नाही, या शांततेवरून कळतं. आदल्या रविवारपर्यंत नुसती धांदल असते. कपाळाला राख लागायच्या आत ज्याला त्याला लग्न उरकायचं असतं, कारण पुढे ईस्टरपर्यंत चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत. एका आळीतून ट्रम्पेट, दुसरीतून ढोल, आणि नाक्यावर दोन वराती समोरासमोर आल्या की दोन्ही बँड हट्टाने एकमेकांच्या वर वाजवणार. मग एके दिवशी सगळं थांबतं. शेजारच्या वाडीतला पंप ऐकू येतो, वाऱ्याने केळीची पानं फाटतात तेही ऐकू येतं. मोगऱ्याला नुकत्या कळ्या धरलेल्या असतात. राजोडीच्या किनाऱ्याकडून दुपारी खारा वारा सुटतो आणि दोरीवरचे कपडे चिकट करून जातो. लोकांना हा काळ फार आवडतो, मन शांत होतं म्हणे. मला मात्र ही शांतता सोसत नाही.

या दिवसांत आमच्याकडची माणसं काही ना काही सोडतात. कुणी मटण, कुणी मासे, बायका बहुधा चहा नाहीतर साखर. पुरुष दारू सोडतात. आणि खरंच सोडतात, हे मी मस्करीने सांगत नाही. सोमवारी ज्याला दोघांनी बगलेत धरून घरी पोचवलेलं असतं, तो शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला पुढच्या बाकावर बसतो. चेहरा इतका निर्मळ की आपल्यालाच वाटावं, सोमवारी आपण भलत्याच माणसाला पाहिलं. मग ईस्टरपर्यंत थेंब नाही. यावरून आमच्या गावाने एक मोठा निष्कर्ष काढून ठेवला आहे. जो उपवासकाळात सोडू शकतो, त्याला व्यसन नाही. माझे काका, मामा, त्यांचे सगळे दोस्त या परीक्षेत दरवर्षी पहिल्या वर्गात पास होतात आणि ईस्टरच्या दुपारी त्याच आनंदात बाटली उघडतात. लहानपणी मलाही हे पटायचं. शुद्धीतला माणूस शुद्धीत राहून सांगतोय म्हटल्यावर वाद तरी काय घालणार?

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत माझ्याकडे एक विचित्र काम आलं होतं. मी व्हिडिओ गेम बनवते, म्हणजे गेममधल्या पात्राने काय केलं की काय व्हावं, याचे नियम ठरवते. आईला हे काम अजून कळलेलं नाही. "सिल्वी कंप्युटरवर असते" एवढं ती स्थळं आणणाऱ्यांना सांगते आणि घाईने विषय बदलते. आमचं ऑफिस वालीवला, एका औद्योगिक वसाहतीत वरच्या मजल्यावरच्या गाळ्यात. खालच्या गाळ्यात बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनतात. मशीन दिवसभर एका ठेक्यात ठोकत असतं आणि गरम प्लास्टिकचा वास जिन्याने वर येतो. तिसऱ्या प्रहरापर्यंत डोकं जड होतं. नशेचं काम करायला जागा तशी योग्यच होती.

गेम एका तांडेलाचा होता. तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीवरचा मुख्य, ज्याच्या शब्दावर बाकीचे खलाशी चालतात. आमचा तांडेल वादळातून बेटाबेटांवर माल पोचवायचा. पैसे लावणारी कंपनी बाहेरची होती आणि तिला तांडेल पिणारा हवा होता. दर बंदरात एक गुत्ता, तिथे बाटली घेतली की तांडेलाला धाडस येणार, बोट वादळात दुप्पट वेगाने जाणार, फक्त सुकाणू नीट धरता येणार नाही. आमच्या ऑफिसचा हा सगळा पसारा ज्याचा, तो निखिल, नालासोपाऱ्याचा मुलगा. त्याने मला काम समजावून दिलं ते असं की कॉमेडी झाली पाहिजे, स्क्रीन हलव, उचकी दे, दोन-चार वेळा पाण्यात पाड, लोक हसले पाहिजेत. ईस्टर झाला की कंपनीला दाखवायचं होतं. मी मान डोलावली.

खरं तर यात कठीण काही नव्हतं. असल्या सगळ्या गेममध्ये एक आकडा असतो. बाटली घेतली की तो चढतो, वेळ गेला की उतरतो. चढला असताना चित्र डोलतं, डावं बटण दाबलं तर पात्र उजवीकडे जातं. शून्यावर आला की पात्र पहिल्यासारखं टुणटुणीत. मी हे दोन दिवसांत बसवलं. तांडेल मस्त डोलायचा, उचक्या द्यायचा, धक्क्यावरून धप्पकन पाण्यात पडायचा. ऑफिसात सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण घरी दादा होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, इनास. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते, तेव्हापासून घर त्याच्या खांद्यावर आहे. आठवडाभर एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि लग्नसराईत ट्रम्पेट वाजवतो. बँडचा म्होरक्या तोच. बँडमध्ये एक मान असतो. वाजंत्री दारात आले की घरचा कर्ता पहिला गिलास म्होरक्याच्या हातात देतो, आणि तो रिकामा झाल्याशिवाय पहिला सूर निघत नाही. नको म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. एका सराईत किती दारं आणि किती गिलास, हे कुणी मोजत बसत नाही. दादाही मोजत नव्हता. तो कधी शिव्या देत घरी आला नाही, कधी हात उगारला नाही. आला की शांतपणे जेवून झोपायचा, म्हणून आमच्या घरात पिणारं माणूस आहे असं आम्हालाच कधी वाटलं नाही.

राखेच्या आदल्या रविवारी, सराईतलं शेवटचं लग्न वाजवून तो घरी आला आणि मोरीत रक्ताची उलटी केली. आई अजून लग्नघरीच होती. मी मोरी धुतली, त्याला रिक्षात घातलं, डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, फार बोलले नाहीत. यापुढे एक गिलाससुद्धा नाही, म्हणाले. दादाने विचारलं, किती दिवस? डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, दिवस नाहीत, कधीच नाही. पुन्हा घेतलीत तर पुढच्या वेळी इथपर्यंत पोचाल असं मी सांगू शकत नाही. परत येताना रिक्षात दादा बाहेर बघत बसला होता. घर जवळ आल्यावर म्हणाला, "आईला पित्त झालं म्हनून सांग." मी म्हटलं, तिला खरं कळायला नको? तो म्हणाला, "तिला कळलं तर ती रोज उठून मना बघत बसेल. तू बघतेस तेवढं पुरे."

तीन दिवसांनी राख लागली आणि दादाने सगळ्या गावाबरोबर दारू सोडली. लपायला याहून चांगली जागा नव्हती. पहिला आठवडा त्याचे हात इतके थरथरत की चहाचा कप बशीत वाजायचा. तो ताप आहे म्हणाला. डॉक्टरच्या गोळ्या त्याने ट्रम्पेटच्या पेटीत, मखमलीच्या अस्तराखाली ठेवल्या होत्या. आईने पेज केली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि मिस्साची प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर दहाजणींना सांगितलं की माझ्या इनासने यंदा उपवास कडक धरलाय. तापातपन एक घोट नाय. बायका कौतुकाने मान हलवायच्या. मी तिच्या शेजारी उभी राहून चपलेने वाळू उकरत असायची. सगळा गाव ईस्टरची वाट बघत होता आणि मला ईस्टर नकोच होता.

त्यातच आईने वाईन घातली. आमच्याकडे सणाला घरीच करतात, काळ्या द्राक्षांची. एक दिवस मी कामावरून आले तर ओट्यावर घमेलंभर द्राक्षं आणि आईचे हात कोपरापर्यंत जांभळे. ती चक्क गुणगुणत होती. मी विचारलं, एवढी कशाला गं? ती म्हणाली, "एवढं पाळतोय पोरगा. सनाला त्याच्यासाठी जरा जास्तच करते." बरणीला फडकं बांधून तिने ती फळीवर ठेवली. मी तिथेच तिला सांगायला हवं होतं असं कुणीही म्हणेल. पण मी दादाला शब्द दिला होता आणि आई गुणगुणत होती. मी हात धुतले आणि द्राक्षाच्या बिया गोळा करायला लागले. पुढे दर संध्याकाळी घरात शिरताना मला आधी तो वास यायचा, आंबूस आणि गोड, आणि मी दादाच्या चेहऱ्याकडे बघायची. त्यालाही येत असणार. स्वयंपाकघरात जायचं तो टाळत होता, पाणीसुद्धा माझ्याकडे मागायचा.

ऑफिसात तांडेल डोलत होता. घरी बरणी आंबत होती.

एका रविवारी दुपारी दादा पडवीत बसला होता. बँड बंद, त्यामुळे रविवारचं करायचं काय हे त्याला उमगत नव्हतं. मी शेजारी बसून फोनवर तांडेलाची चाचणी करत होते. त्याने हात पुढे केला, म्हणाला, दे, बघू तुझा दारुड्या. मला फोन द्यायचा नव्हता. पण न देणं म्हणजे तुझ्यावर भरवसा नाही असं तोंडावर सांगणं. मी दिला. तांडेलाने बाटली घेतली, डोलला, उचकी दिली, पडला. दादा मनापासून हसला. कितीतरी दिवसांनी त्याचं हसू ऐकून मला इतकं बरं वाटलं की मीही हसले. त्याने पुन्हा खेळायला घेतलं, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी तो हसत नव्हता.

"हा पयल्याच गिलासाने डोलतो कसा?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, सगळ्या गेममध्ये असंच असतं.

तो आपल्या पंजाकडे बघत राहिला. "पयल्या गिलासाने डोलायचं थांबतं, सिल्वी. सकाळी उठल्यापासून सगळं हलत असतं. गिलास घेतला की एकेक वस्तू जाग्यावर बसते. म्हनून तर घेतो मानूस."

स्टेशनला कुठून जायचं हे सांगावं तशा आवाजात तो बोलला. हे त्याने डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं. किती वर्षं याच्या सकाळी हलत होत्या आणि मी त्याच घरात दात घासत होते, डबा भरत होते. मी कामाचंच विचारलं. पहिला गिलास किती वेळ पुरायचा? तो म्हणाला, आधी रात्रीपर्यंत, मग दुपारपर्यंत, पुढे पुढे वरात निघेपर्यंतही नाही. मी विचारत गेले, तो सांगत गेला. अर्धी मी त्याची बहीण होते आणि अर्धी मी मनातल्या मनात आकडे मांडत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. मग तो एकदम उठला, फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि चपला घालून राजोडीच्या दिशेने चालू लागला. कुठे जातोस विचारलं तर हातानेच काहीतरी खूण केली.

मागे गेले तर तो म्हणणार पाळत ठेवतेस, नाही गेले तर काय होईल हे डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. शेवटी स्कूटी काढली. रविवारी राजोडीच्या किनाऱ्यावर मुंबईची माणसं उतरलेली असतात. सुरूच्या झाडांखाली गाड्या, उघड्या दारांतून गाणी, वाळूत अर्ध्या पुरलेल्या बाटल्या. त्यांना कसला आलाय उपवासकाळ. मी झाडाझाडामागे बघत चालले होते. एकेका घोळक्याजवळ जाऊन चेहरे बघायची आणि तो नाही म्हटल्यावर पुढे निघायची. तो ताडगोळेवाल्याच्या टोपलीपाशी उभा होता, हातात पिशवी, आणि पलीकडे पीत बसलेल्या पोरांकडे बघत होता. नुसता बघत होता.

मला पाहून तो दचकला नाही. "वास घ्यायला आलतो," म्हणाला. मग विचारलं, "तुझ्या आकड्यात वास धरलास काय?"

मी नकारार्थी मान हलवली.

"धर," तो म्हणाला आणि माझ्या मागे स्कूटीवर बसला. ताडगोळ्यांची पिशवी त्याने माझ्या खांद्यावरून पुढे धरली होती, तिचं पाणी घरी येईपर्यंत माझ्या गुडघ्यावर गळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तांडेलाला दुसरा आकडा दिला. पहिला आकडा खेळणाऱ्याला दिसायचा, चढायचा, उतरायचा. दुसरा दिसायचा नाही. तो दर बाटलीला थोडा वाढायचा, गुत्त्यासमोरून नुसतं गेलं तरी किंचित वाढायचा, आणि उतरायचा कधीच नाही. तांडेल न पिता असताना त्याचे हात किती थरथरतील हे तो आकडा ठरवायचा. त्यामुळे खेळणारा आधी मजा म्हणून बाटली घ्यायचा, अर्ध्या वाटेत पोचेपर्यंत नुसतं सुकाणू सरळ धरता यावं म्हणून घ्यायचा. बाटली सोडली तर बरेच दिवस लाटा मोठ्या वाटायच्या, मग हळूहळू बोट सावरायची. पण कितीही दिवस कोरडे गेले तरी एक बाटली घेतली की तांडेल जिथे होता तिथेच परत. हे शेवटचं मी दोनदा वाचून पाहिलं. खालचं मशीन ठोकत होतं. आमच्या अख्ख्या गावाचा उपवासकाळ मी चार ओळींच्या नियमात लिहिला होता, आणि त्यात दादाही होता.

निखिलने खेळून पाहिलं. आधी त्याला वाटलं काहीतरी बिघडलंय. मी म्हटलं, बिघडलेलं नाही, असंच आहे. "म्हणजे हा कधी नॉर्मल होणारच नाही? यार सिल्वी, लोक टाइमपासला येतात, शिक्षा भोगायला नाही." मी म्हटलं, सोडली तर बोट चालते, फक्त आकडा राहतो. त्याने तोड काढली. एका बेटावर देऊळ टाकू, चर्च टाक हवं तर. तिथे जाऊन आला की आकडा शून्य. मी इतक्या जोरात नाही म्हटलं की पलीकडच्या टेबलावरची मुलं मान वर करून बघायला लागली. निखिल वाईट मुलगा नाही. त्याने आवाज उतरवून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मशीनचा आवाज फार आहे, काही ऐकू येत नाही, असं मी म्हणाले. त्याने पुन्हा विचारलं नाही. उचक्या ठेवू, पाण्यात पडणं ठेवू, बाकी तुझं राहू दे, म्हणाला.

तो गेम आला आणि बऱ्यापैकी चालला. अजूनही अधूनमधून कुणीतरी तक्रार करतं. तांडेलाने पिणं सोडून किती दिवस झाले, तरी एक बाटली घेतल्यावर हात इतके का थरथरतात, हे दुरुस्त कधी करणार? उत्तरं द्यायचं काम माझ्याकडेच आहे. दुरुस्त होत नाही, असं मी लिहिते. लोकांना ते उद्धट वाटतं.

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार आला, गेला. पवित्र गुरुवारी, ईस्टरपर्यंत वाजू नयेत म्हणून, चर्चच्या घंटा बांधल्या आणि त्यांच्या जागी लाकडी खुळखुळा फिरू लागला, खट खट खट. तो कोरडा आवाज मला लहानपणापासून आवडत नाही. त्या वर्षी तो माझ्या दातांत शिरला. शुक्रवारी उन्हात मिरवणूक निघाली, दादा क्रूस वाहणाऱ्यांत होता, मानेवर घामाच्या धारा. त्याचे हात आता स्थिर होते. तब्येत सुधारली होती, गालांवर रंग आला होता. याचीच मला जास्त भीती वाटत होती. बरं वाटायला लागलेल्या माणसाला गावाच्या त्या निष्कर्षावर विश्वास ठेवायला किती वेळ लागणार? त्याने स्वतः कितीतरी वर्षं तो ठेवलाच होता. शनिवारी आईने वाईन गाळली.

ईस्टरच्या दुपारी आईने कोंबडीचं कालवण आणि तांदळाच्या रोट्या केल्या होत्या. तीन छोटे गिलास मांडले, तिघांतही जांभळी वाईन ओतली आणि पुढच्या रोट्या आणायला आत गेली. दादा गिलासाकडे बघत होता. हात मांडीवर, हालचाल नाही. त्याच्या घशातला मणी वर-खाली झाला. मी काही विचार केला नाही, हात लांब करून त्याचा गिलास उचलला आणि एका दमात पिऊन जागेवर ठेवला. मग माझाही प्यायले, म्हणजे दोन्ही सारखे दिसावेत. आई आली, रिकामे गिलास पाहून तिचा चेहरा फुलला, आणि तिने दोन्ही पुन्हा भरले. मग ती लोणचं आणायला उठली. मग मीठ. आईने त्या दिवशी सगळं एका फेरीत आणलंच नाही. मला वाईन आवडत नाही, कधी फारशी घेतलेलीही नाही. माझे कान तापले, टेबलाची कड जागा बदलायला लागली. इतके दिवस नशेचे नियम लिहीत होते, पण माझ्या डोक्यात ती तेव्हा पहिल्यांदा शिरली. मी कशावर तरी उगाच हसले, तेव्हा आई म्हणाली की या घरात आता पोरींना चढायला लागली. दादा मान खाली घालून जेवत होता.

जेवणं झाल्यावर मी मागच्या वाडीत नळावर तोंड धूत होते. दादा येऊन उभा राहिला. मला वाटलं आभार मानेल, किंवा हसेल तरी. तो म्हणाला, "पुढच्या रविवारी सायमन काकांकडे लगीन हाय. तिथे माझ्या वाटचं कोन पिनार?"

तो आठवडा मला नीट आठवत नाही. मी त्याला म्हटलं, बँड सोड. तो म्हणाला, मग मी कोण राहतो? मी म्हटलं, आईला सांगू. तो ट्रम्पेट पुसत बसला. मी ओरडले, रडले, दोन दिवस बोलणं टाकलं. रोज संध्याकाळी तो पडवीत बसून ट्रम्पेटचा सराव करायचा आणि मी आतल्या खोलीत बसून एखादा सूर घसरतोय का ते ऐकायची. सूर चांगले लागत होते.

सायमन काका म्हणजे वडिलांचे जिवलग मित्र. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न, ईस्टरनंतरचं आमच्या भागातलं पहिलं. मांडवाच्या दोन्ही खांबांना केळी बांधल्या होत्या. ऊन मी म्हणत होतं. नवरीला चर्चला न्यायची वेळ झाली आणि बँड दारात येऊन उभा राहिला. सगळे लाल कोटात, पुढे दादा, बगलेत ट्रम्पेट. आई माझ्या शेजारी नव्या लुगड्यात, केसांत आमच्याच वाडीतला मोगरा. ती शेजारणीला सांगत होती की एवढ्या दिवसांनी वाजवणार, ऐका आता. आणि सायमन काका हातात गिलास घेऊन पायऱ्या उतरले. काठोकाठ भरलेला होता, सांडू नये म्हणून ते सावकाश चालत होते.

"घे इनास," ते म्हणाले. "सुरू करा."

दादा म्हणाला, "नको काका."

काका हसले. आजूबाजूचेही हसले. "अरे, उपवास संपला. आता कसला नको?"

"तुमचा संपला, काका. माझा संपायचा नाय." मग आवाज चढवून, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा, म्हणाला, "माझं रक्त पडलंय. डॉक्टरने सांगितलंय, एक गिलासपन नाय. मी पिनारा मानूस हाय, काका. मना एकपन चालत नाय."

ढोलवाल्याने काठी खाली घेतली. दारात नवरी थबकली, तिच्यामागच्या मुली माना लांब करून बघायला लागल्या. काकांचा हात तसाच पुढे होता. गिलास परत कसा न्यायचा हे त्यांना कळत नव्हतं, घराचा मान होता तो, आणि लेकीचं लग्न. मागून कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, नुसता ओठाला तरी लाव रे, मान राहील. आणखी दोघांनी तेच म्हटलं. सगळी चांगली माणसं होती. दादाने गिलासाकडे पाहिलं. त्याच्या घशातला मणी वर-खाली होताना मला इतक्या लांबूनही दिसला. मी पाऊल उचललं, पण शेजारी आई नव्हती.

ती मांडवाच्या मधून चालत गेली होती. तिला किती कळलं होतं, पित्त, ताप, बरणी, सगळं जुळलं होतं की नाही, मला माहीत नाही. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिने सायमन काकांच्या हातातून गिलास घेतला, खांबापाशी वाकली आणि सगळा केळीच्या बुंध्याशी ओतला. रेतीने तो लगेच पिऊन टाकला. मग पदराने कोरडा करून तिने रिकामा गिलास काकांच्या हातात परत दिला.

"मान पोचला, भाऊ," ती म्हणाली.

आणि दादाकडे वळून, "वाजव."